गावची पोरं, गावचं रान आणि महिला ग्रामसभा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका प्रशिक्षक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या समूहांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोललं गेलं तसंच, थोडं आवरून छापत आहोत. मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं.)



पोरींनो, आधी तुम्ही पुढं या. सतरंजीवर जागा आहे. आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे, आणि ते तुम्ही दारात उभं राहून ऐकावं हे काही बरोबर दिसत नाही.

मला विषय दिला आहे 'हवामान बदल आणि युवक'. विषय असा कागदी लिहिला की अर्ध्या बाया घड्याळाकडं पाहायला लागतात. म्हणून मी तो आपल्या भाषेत सांगते. ऊन वाढलं, पाऊस बिघडला. त्याचा मार कोणाला जास्त बसतो? आणि त्याबद्दल गावची तरुण पोरंपोरी काही करायला निघाली, तर आपण त्यांच्या आया काय करतो? एवढाच विषय आहे.

वर्ध्याचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू! पारा ४५ च्या पुढं गेला की पेपरात येतं, 'नागरिकांनी दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नये.' हा नागरिक कोण असतो, बाई? वावरातला काडीकचरा वेचणारी तर नक्कीच नसते. तिची मजुरी उन्हातच मिळते. डोक्याला रुमाल बांधायचा, कांदा जवळ ठेवायचा आणि निघायचं.

मग जून येतो. पहिला पाऊस पडला म्हणून सरकी टोबतो. पाऊस दडी मारतो. सरकी जमिनीतच मरते. मग दुबार पेरणी. दुसऱ्यांदा बियाण्याचं पाकीट आणायला पैसा कुठून येतो? समूहातून. हवामान बदल म्हणजे काय हे कोणाला पाहायचं असेल तर त्याला मोठं पुस्तक नको. आपली अंतर्गत कर्जाची वही उघडावी. एकाच बाईच्या नावापुढं एकाच हंगामात दोनदा 'बियाणे' लिहिलेलं असेल, तर ती एक नोंद आहे हवामान बदलाची. आणि त्याचं व्याज ती बाई भरते.

कधी उलटं होतं. जुलै २०२२ चा पाऊस आठवा. हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या बाया इथं बसल्या आहेत, त्यांना वणा नदीबद्दल मी सांगायची गरज नाही. आपापल्या गावाचं डोळ्यांपुढं आणा. नाल्याला पूर आला की पाणी आधी कोणाच्या घरात शिरतं? गावाच्या उंचवट्यावर कोणाचा वाडा आहे आणि नाल्याच्या काठावर कोणाची वस्ती आहे? ती वस्ती तिथं कोणी हौसेनं बसवली नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना 'तिकडं राहा' असं सांगितलं गेलं, त्यांच्याच दारात आता पाणी येतं. पारधी बेड्यावर तर घराचा कागदच नसतो, मग नुकसानभरपाईच्या यादीत नाव कुठून येणार?

हाच हिशेब जगाला लावून पाहा. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो धूर होतो, तो अमेरिकेत एका माणसामागं वर्षाला साधारण १४ टन पडतो. आपल्या देशात साधारण २ टन. आणि हे २ टन म्हणजे सरासरी, त्यात मोठ्या शहरातला एसीवाला बंगलाही आला आणि आपली चूलही आली. आपल्या चुलीचा वाटा किती असेल, तुम्हीच बघा. बिघडवलं कोणी आणि भोगतं कोण, याचा हिशेब मागणं म्हणजे हवामान न्याय. दयेचा विषय नाही हा. आपण समूहात म्हणतो ना, कर्ज ज्यानं उचललं हप्ता त्यानं भरावा. तेच.

हा हिशेब मागायला आपल्यासारखीच माणसं सगळ्यात आधी उभी राहिली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाच्या राज्यात वॉरन नावाचा जिल्हा आहे. तिथं काळ्या लोकांची, गरिबांची वस्ती जास्त. १९८२ मध्ये सरकारनं ठरवलं की विषारी रसायन मिसळलेली हजारो ट्रक माती याच जिल्ह्यात पुरायची. बाया, लेकरं, तरुण पोरं ट्रकांपुढं रस्त्यावर आडवी झाली. पाचशेच्या वर लोकांना अटक झाली. तरी माती पुरलीच. पण 'घाण नेहमी आमच्याच दारात का?' हा प्रश्न तिथून देशभर गेला. १९९१ मध्ये काळे, सावळे आणि तिथले मूळनिवासी लोक वॉशिंग्टनला एकत्र जमले आणि त्यांनी आपली १७ तत्त्वं लिहून काढली. आपल्या दशसूत्रीसारखी समजा. आणि वॉरनची माती? पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारलाच पैसा घालून ती साफ करावी लागली. तिथल्याच मूळनिवासी पोरापोरींनी २०१६ मध्ये आपल्या नदीखालून जाणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध स्टँडिंग रॉक या आपल्या राखीव प्रदेशापासून राजधानीपर्यंत धावत जाऊन निवेदन दिलं. आळीपाळीनं पळत, साधारण ३,२०० किलोमीटर. आपल्या पोलीस भरतीच्या पोरांना हे आवडेल.

बरं, ते लांबचं झालं. आपल्याकडं या.

आपल्याच आर्वी तालुक्यातलं काकडदरा तुम्हाला माहीत आहे. डोंगरातलं, आदिवासी वस्तीचं गाव. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातून पहिलं आलं, ५० लाखांचं बक्षीस मिळालं. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ४५ दिवस, ऐन उन्हाळ्यात श्रमदान. बक्षिसाची रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. स्पर्धा संपते, बक्षीस वाटलं जातं, पण बांध पुढच्या वर्षीही फुटतो आणि चर मातीनं भरतो. ते दरवर्षी कोण पाहणार? जिथं गावानं ते काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवलं तिथं टिकतं, नाहीतर फोटो तेवढा राहतो. ५ जूनला झाड लावताना फोटो, आणि १५ जूनला बकरीच्या तोंडात झाड, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून मला तुम्हाला पायविहीरबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे. अमरावती जिल्हा, अचलपूर तालुका, मेळघाटच्या पायथ्याशी. आपल्याला काही लांब नाही. कोरकू आणि इतर गरीब कुटुंबांचं छोटं गाव. गावामागची टेकडी उजाड झाली होती. लाकूड गेलं, चारा गेला, पाणी गेलं, आणि त्यामागं कामासाठी माणसंही बाहेर जायला लागली. गावच्या तरुण पोरांनी ठरवलं की हे रान पुन्हा उभं करायचं. 'खोज' नावाची संस्था सोबत होती. आता तुम्ही म्हणाल, झाडंच लावायची तर लावा की, त्यात काय! पण ती जमीन वनखात्याची. तिथं खड्डा खणायलाही परवानगी लागते. लावलेलं झाड कोणाचं, फळ कोणाचं, राखण करायचा अधिकार कोणाचा?

त्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेतला. या कायद्याखाली एकेकट्या शेतकऱ्याला पट्टा मिळतो, हे आपल्याकडं बऱ्याच जणींना माहीत आहे. पण त्याच कायद्यात अख्ख्या गावाला मिळून हक्क मिळतो, सामूहिक वनहक्क. ज्या रानात गाव पूर्वीपासून वावरत आलं, ते राखायचा, वाढवायचा आणि त्याची व्यवस्था करायचा अधिकार ग्रामसभेला. पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. मग रोजगार हमीची कामं त्या रानात घेतली. चर खणले, रोपं लावली, तोडीला आणि चराईला गावानं नियम घातले. पोरांना बाहेर ज्या मजुरीसाठी जावं लागायचं, ती मजुरी आपल्याच टेकडीवर मिळाली. पुढं त्या रानातली सीताफळं गावानं स्वतः गोळा केली, पेट्यांत भरली आणि 'नॅचरल्स मेळघाट' नाव देऊन थेट मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. शेजारच्या उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर या गावांनीही आपापलं रान हाती घेतलं.

सीताफळ तर आपल्याकडंही धुऱ्याधुऱ्यावर आहे. व्यापारी येतो, घमेल्याच्या भावानं घेऊन जातो. इथं बसलेल्या किती जणींनी ते पेटीत भरून विकलं आहे? हात वर करू नका, राहू द्या, मला उत्तर माहीत आहे.

आता चंद्रपूर जिल्ह्याकडं या. गोंडपिंपरी तालुक्यातलं पाचगाव, गोंड आदिवासींचं. त्यांनाही २०१२ मध्येच हजार हेक्टरच्या वर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावच तोडतं, गावच लिलाव करतं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात. पण पाचगावची खरी गोष्ट पुढं आहे. त्यांनी तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. येणारा पैसा सोडला! का? तर पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटतात, रानाला आग लावतात, आणि फांदी तुटली की टेंभुर्णीचं फळही जातं. रोख पैसा समोर दिसत असताना गरीब गाव नाही म्हणतं, याला किती बळ लागत असेल ते आपल्यालाच कळतं. मी असं म्हणत नाही की प्रत्येक गावानं तेंदू सोडावा. ज्या घरात मे महिन्यात दुसरी कमाईच नाही त्या बाईला 'तेंदू सोड' म्हणणं सोपं नाही. पाचगावकडं बांबू होता म्हणून जमलं, हेही खरं आहे. पण ठरवलं ते गावानं, ठेकेदारानं नव्हे.

आणि आगीचं बोलायचं तर आपलंही बोलू. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला आपण पेटवतो. वारा आला की तीच आग रानात शिरते. रान जळतं, जमीन तापते, पुढच्या पावसात माती वाहून जाते. झाडाखाली जाळी नाहीतर जुनी साडी अंथरली की फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही आणि भावही बरा येतो. तुमच्या घरची पोरगी हे सांगत असेल तर 'तू मला शिकवतेस का' म्हणून तिला गप्प करू नका. ती बरोबर सांगत असते.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. देवाजी तोफांचं गाव. २००९ मध्ये देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतलं, १,८०० हेक्टरचं रान. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तिथली एक सवय आपण उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे अभ्यास गट. जसा आपला बचतीचा गट, तसा तिथं अभ्यासाचा. कायदा काय म्हणतो, सरकारचा नवा कागद काय आला, यावर बसून आधी बोलायचं, मग ग्रामसभेत जायचं. आपल्याकडं शिकलेली पोरंपोरी घरात बसून आहेत. कोणी बीए, कोणी आयटीआय, कोणी नर्सिंग करून. त्यांच्या हातात मोबाईल आहे, त्यावर नकाशा दिसतो, कायदा मराठीत वाचता येतो. आणि आपल्याकडं दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बसायची शिस्त आहे. ही दोन्ही एका सतरंजीवर का येत नाहीत?

का येत नाहीत ते मला माहीत आहे. भीती. गावोगाव बाया मला बाजूला घेऊन हेच विचारतात, "ताई, पोराच्या नावावर केस लागली तर? पोलीस भरतीचं काय? नोकरीच्या वेळी चौकशी होते." ही भीती खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेणार नाही.

मुंबईच्या आरेचं उदाहरण घ्या. मुंबईच्या पोटात ते रान आहे, त्यात आदिवासींचे २७ पाडे आहेत, वारली, कोकणा, मल्हार कोळी. मेट्रोचं कारशेड बांधायला तिथली झाडं तोडायची होती. पाड्यांतली माणसं आणि शहरातले विद्यार्थी काही वर्षं एकत्र लढले. सह्या गोळा केल्या, हरकती लिहिल्या, कोर्टात गेले. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. अडवायला गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कॉलेजात शिकणारी पोरं तुरुंगात. त्यांच्या आयांनी त्या रात्री काय केलं असेल? मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. डिसेंबरमध्ये राज्य सरकारनं त्या पोरांवरचे गुन्हे मागं घ्यायचं जाहीर केलं. पुढं तिथली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. २०२२ मध्ये सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेतच आलं आणि २०२४ पासून ती मेट्रो धावते आहे. हे सगळं मी मुद्दाम पूर्ण सांगते. पोरं जिंकली असं सांगून तुम्हाला टाळ्या वाजवायला लावणं सोपं होतं. काही वाचलं, काही गेलं.

पण आरेत आणि आपल्या गावात एक फरक आहे. शहरात त्या पोरांकडं ग्रामसभा नव्हती. आपल्याकडं आहे. पायविहीर, पाचगाव, मेंढा, तिन्ही ठिकाणी ताकद कशात होती? ठरावाच्या वहीत. रस्त्यावर एकटं पोरगं उभं राहिलं तर ते आंदोलक होतं, आणि त्याच्या आईला रात्री झोप येत नाही. तेच पोरगं ग्रामसभेनं नेमलेल्या समितीचा सदस्य म्हणून, ठराव क्रमांक आणि तारीख असलेला कागद हातात घेऊन तहसीलला गेलं, तर साहेबाला त्याला खुर्ची द्यावी लागते. निदान उभं तरी ठेवून ऐकावं लागतं! पोराला वाचवायचं असेल तर त्याला घरात कोंडू नका, त्याच्या मागं ठराव उभा करा. आणि ठराव उभा करायची ताकद या सभामंडपात बसली आहे.

कशी ते सांगते. जरा नीट ऐका, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

वनहक्काच्या नियमांत २०१२ मध्ये बदल झाले. वनहक्कासाठी जी ग्रामसभा होते, तिला निम्मे सभासद हजर लागतात. आणि जे हजर असतील त्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. म्हणजे आपण घरी भाकरी थापत बसलो तर ती सभाच पूर्ण होत नाही. वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते, तिच्यातही किमान एक तृतीयांश बाया. जिथं आदिवासी कुटुंबं आहेत तिथं दोन तृतीयांश सदस्य आदिवासी. आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का? बऱ्याच गावांत त्या समितीत असलेल्या बाईलाच माहीत नसतं की ती समितीत आहे. ग्रामसेवकाला विचारा, यादी मागा. यादी मागायला भांडण लागत नाही.

कोणी म्हणेल की वर्ध्यात पेसा लागू नाही, मग हे इथं कसं? पेसा लागू नाही हे खरं आहे, आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पण वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. आर्वी, कारंजा, आष्टी, सेलू, समुद्रपूर, जिथं जिथं गावाला रान लागून आहे, तिथं तो लागू होतो. जे आदिवासी नाहीत, त्यांनाही हक्क मागता येतो, पण तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या रानावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हे अवघड आहे, आणि गवळी, गोपालक कुटुंबांना यातच अडवलं जातं.

पुरावा म्हणजे काय? जुनं निस्तार पत्रक असतं, त्यात गावाला कोणत्या रानातून काय घेता येतं ते लिहिलेलं असतं. जुने नकाशे असतात. आणि म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं की तोही पुरावा धरतात. हे काम पोरापोरींना द्या. आजीजवळ बसायचं. गुरं कुठं चारायला न्यायचे, मोह कुठं वेचायचा, देवाचं ठिकाण कोणतं, पाण्याचा झरा कोणता, हे विचारायचं, लिहायचं, तिचा अंगठा घ्यायचा. मग मोबाईल घेऊन त्या हद्दीवरून चालायचं. आजी राहील तोवरच हे होईल. दावा पुढं उपविभागीय समितीकडं जातो, तिथून जिल्हा समितीकडं. कागद परत येतो, त्रुटी निघतात, पुन्हा पाठवावा लागतो. बँकेत पहिल्या कर्जाची फाइल आपण किती वेळा नेली होती? तेवढीच चिकाटी.

एक गोष्ट मला टोचते ती बोलून टाकते. रान राखायचं ठरलं की पहिला नियम होतो, 'चराई बंद, सरपण बंद.' नियम करतात बापे आणि चार मैल लांब सरपणाला जाते बाई. बकरी विकावी लागते विधवेला. म्हणून नियम होताना आपण तिथं पाहिजे. कोणता तुकडा बंद, किती वर्षं, वाळलेलं लाकूड कोणत्या दिवशी आणायचं, हे बायांनी ठरवलेलं असलं की तो नियम मोडत नाही. पोरांनो, तुम्हीही ऐका. तुमचा उत्साह चांगला आहे, पण आईच्या डोक्यावरचा भारा मोजल्याशिवाय नियम करू नका.

ज्या गावांना रानच नाही, त्यांनी काय करावं? देवळीकडच्या बाया केव्हाच्या कुजबुजत आहेत. तुमच्याकडं नाला आहे, गायरान आहे, ई-क्लास जमीन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातली झाडं, पिकं, जुनी बियाणं, पाखरं यांची लोकनोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती कोणीतरी टेबलावर बसून भरली आहे. पोरींनी ती मागून वाचावी आणि आपल्या आजीच्या वाणाचं नाव त्यात आहे का पाहावं. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपण ज्याला पोकरा म्हणतो, तो आपल्या जिल्ह्यात आला. तो हवामान बदलासाठीच आहे. ज्या गावांत आला तिथं ग्राम कृषी संजीवनी समिती झाली. शेततळं कोणाला मिळालं, ठिबक कोणाला, आणि नाल्याकाठच्या वस्तीतल्या किती जणींना काय मिळालं, हे विचारणं हासुद्धा हवामान न्यायच आहे. जिच्या नावावर सातबारा नाही ती बहुतेक योजनांच्या बाहेर राहते. हा प्रश्न एकट्या बाईनं विचारला तर तिला भांडखोर म्हणतात. ग्रामसंघानं विचारला तर उत्तर येतं.

आणखी दोन गोष्टी. आपले समूह बहुतेक वस्तीवार झाले आहेत. त्यामुळं पोरंही वस्तीवारच गोळा होतात. बेड्यावरचं पोरगं गावातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नसतं. ग्रामसंघात मात्र सगळ्या वस्त्या येतात, म्हणून पोरांना बोलवायची जागा ग्रामसंघ हीच. पहिल्यांदा बोलवाल तेव्हा नाल्याकाठच्या आणि बेड्यावरच्या पोरांना आधी निरोप द्या.

दुसरं पोरींचं. "ती लग्न होऊन जाईल, तिला कशाला समितीत घ्यायचं?" हे मी दर गावात ऐकते. अगं बाई, आपण सगळ्याच तर लग्न होऊन आलो! इथं बसलेल्या किती जणी याच गावात जन्मल्या? तुमची पोरगी जे शिकून जाईल ते दुसऱ्या गावाला मिळेल, आणि दुसऱ्या गावची शिकलेली पोरगी सून म्हणून तुमच्या ग्रामसभेत बसेल. १८ वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलं की ती ग्रामसभेची सभासद आहे. यादीत नाव आहे का तेवढं आजच पाहा. नवीन सुनांचं नाव तर हमखास राहून जातं, माहेरीही नाही आणि सासरीही नाही.

आता कामाचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा होतात. त्या प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती नुसती रजिस्टरवर होते, सही घरी येते. यापुढं ती सही घरी करायची नाही. सभा होऊ द्या. तिच्यात दोनच ठराव मांडा. पहिला, वनहक्क समिती आणि जैवविविधता समितीच्या सदस्यांची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. दुसरा, या कामात मदतीसाठी प्रत्येक वस्तीतून एक मुलगा, एक मुलगी असा अभ्यास गट ग्रामसभेनं मान्य करावा. ठराव मोठ्यानं वाचून घ्या, क्रमांक घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

त्या अभ्यास गटाला बसायला जागा लागेल, झेरॉक्सला पैसे लागतील, तालुक्याला जायला एसटीचं भाडं लागेल. रक्कम फार मोठी नाही. ग्रामसंघाच्या पुढच्या मासिक बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या, चर्चा करा, नाही परवडलं तर तसं लिहा, पण विषय वहीत येऊ द्या. तालुक्याला पोरं जातील तेव्हा पहिल्या खेपेला सोबत दोन बाया जातील, एवढं मात्र आजच ठरवा.

दोन्ही ठरावांचा नमुना पोरींनी सकाळीच लिहून ठेवला आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे. प्रत्येक ग्रामसंघानं दोन प्रती न्याव्या, एक आपल्या दप्तरात ठेवा आणि एक पोरांकडं द्या.